दगडातला ऑक्सिजन की हवेतला?

नागपूरहून छिंदवाड्याला जाताना सौसर मागे पडलं की रामाकोना येतं. कन्हान नदी, संत्र्याच्या बागा, कापसाची शेतं आणि घराघरांत बोलली जाणारी मराठी, एवढी ओळख आपल्यापैकी बहुतेकांना असते. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला आणि सौसर तालुका छिंदवाड्यातून निघून त्यात गेला, हेही नव्या पिढीला ठाऊक आहे. पण या भागाची आणखी एक ओळख भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे. मध्य भारतातल्या एका प्राचीन खडकसमूहाला तिथे ‘सौसर समूह’ म्हणतात आणि त्याच्या उत्तरेकडच्या एका पट्ट्याला ‘रामाकोना-कटंगी ग्रॅन्युलाइट पट्टा’.

सौसर समूहाचं मोल आहे ते मँगनीजमुळे. बालाघाट, भंडारा, नागपूर आणि आपला सौसर तालुका मिळून देशातला एक महत्त्वाचा मँगनीज पट्टा तयार होतो. एल. एल. फर्मर या भूगर्भशास्त्रज्ञाने १९०९ साली भारतातल्या मँगनीज साठ्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने इथल्या सीतापार गावावरून एका खनिजाला ‘सीतापाराइट’ असं नाव दिलं होतं. पुढे ते खनिज अमेरिकेत आधीच सापडलेल्या बिक्सबाइटचंच रूप निघालं आणि नाव मागे पडलं. पण आपल्या एका खेड्याचं नाव काही वर्षं जगभरच्या खनिजशास्त्रज्ञांच्या तोंडी होतं.

इथलं मँगनीज मुख्यतः पोलादासाठी जातं. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीचं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीसाठी वापरलं जातं. टॉर्चच्या सेलमधली काळी भुकटी ती हीच. मँगनीज डायऑक्साइडचा तिसरा उपयोग फारसा कुणाला माहीत नसतो. तो माणसाच्या श्वासाशी जोडलेला आहे, आणि त्याच्यामागे एक सुंदर प्रश्न आहे: दगडातला ऑक्सिजन कामी येतो की हवेतला?

कोळसा खाणीतला डबा

छिंदवाडा जिल्ह्याच्या उत्तरेला पेंच आणि कन्हान खोऱ्यांत कोळशाच्या खाणी आहेत. परासिया, जुन्नारदेवकडे ज्यांचे नातेवाईक आहेत, त्यांनी खाणकामगाराच्या कमरेला लावलेला एक डबा पाहिला असेल. त्याला सेल्फ रेस्क्यूअर म्हणतात. खाणीत आग लागली किंवा स्फोट झाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. माणूस श्वास घेत राहतो आणि तरीही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली कुटुंबं सकाळी उठत नाहीत, त्याचं कारणही हाच वायू.

गाळणी पद्धतीच्या सेल्फ रेस्क्यूअरमध्ये हॉपकलाइट नावाचे काळे दाणे असतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स आणि कॅलिफोर्निया विद्यापीठांतल्या रसायनशास्त्रज्ञांनी ते तयार केले. नावही त्या दोघांवरूनच पडलं. आज ते मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइड यांचं मिश्रण असतं. खाणीतून काढलेला दगड जसाच्या तसा त्यात चालत नाही. मँगनीज डायऑक्साइड रासायनिक रीतीने, अगदी बारीक आणि सच्छिद्र असं तयार करावं लागतं. मग मात्र ते साध्या हवेच्या तापमानालाही कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजनचा एक अणू देऊन त्याचा कार्बन डायऑक्साइड करतं. या क्रियेत उष्णता निघते आणि आत येणारी हवा चटका लागेल इतकी गरम होऊ शकते. म्हणूनच कामगारांना शिकवतात की हवा कितीही गरम लागली तरी बाहेर सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत तोंडातला डबा काढायचा नाही.

दाणे स्वतः जळत नाहीत. ते उत्प्रेरक आहेत, म्हणजे क्रिया घडवून आणतात आणि शेवटी होते तसेच उरतात. सगळं घडतं ते त्यांच्या पृष्ठभागावर, अणूच्या एका थरात. आता प्रश्न असा: कार्बन मोनॉक्साइडला मिळालेला तो एक ऑक्सिजन नेमका कुठून आला? दाण्यावर येऊन चिकटलेल्या हवेतून, की मँगनीज ऑक्साइडच्या स्वतःच्या साठ्यातून? दुसरी गोष्ट खरी असेल तर दाण्यात एक रिकामी जागा पडते आणि हवेतला ऑक्सिजन ती नंतर भरून काढतो. १९५४ साली मार्स आणि व्हान क्रेव्हलेन या दोन डच शास्त्रज्ञांनी व्हॅनेडियम ऑक्साइडवरच्या क्रियांसाठी हा दुसरा मार्ग मांडला. तेव्हापासून धातूंच्या ऑक्साइडांवर होणाऱ्या या मार्गाला त्यांचंच नाव आहे.

दोन्ही मार्गांनी शेवटी कार्बन डायऑक्साइडच मिळतो. नुसतं बघून फरक कळणार नाही, कारण ऑक्सिजनचे सगळे अणू दिसायला आणि वागायला एकसारखे. मग ओळखायचं कसं?

भांड्यावरचं नाव

आपल्याकडे लग्नकार्यात शेजाऱ्यांकडून भांडी आणायची पद्धत होती. दहा घरांची पातेली, ताटं, वाट्या एकाच चुलीपाशी आणि एकाच पंगतीत फिरायच्या. कार्य उरकलं की ज्याची त्याला परत द्यायची. ते जमायचं, कारण प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं असायचं. नावामुळे भातात काही फरक पडत नाही; फक्त भांडं कुठून आलं आणि कुठे गेलं ते कळतं.

अणूंवर असं नाव घालायची सोय निसर्गानेच ठेवली आहे. एकाच मूलद्रव्याचे काही अणू इतरांपेक्षा जड असतात. त्यांना समस्थानिक म्हणतात. त्यांच्या गाभ्यात न्यूट्रॉन जास्त असतात, पण रासायनिक वागणूक जवळजवळ तीच असते. ऑक्सिजनच्या सुमारे ५०० अणूंमागे एक ऑक्सिजन-१८ असतो. उरलेले जवळजवळ सगळे ऑक्सिजन-१६. कार्बनचे शंभरात सुमारे एक अणू कार्बन-१३ असतात. हायड्रोजनच्या काही हजार अणूंमागे एक ड्युटेरियम, म्हणजे साध्या हायड्रोजनच्या दुप्पट जड. हेरॉल्ड युरे यांनी १९३१ मध्ये ड्युटेरियम शोधलं आणि १९३४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. यातला एकही अणू किरणोत्सर्गी नाही, त्यामुळे प्रयोगशाळेत ते निर्धास्त वापरता येतात. फक्त ते वेगळे करून गोळा करावे लागतात आणि तेच खर्चाचं काम असतं.

जड तारेचा सूर खाली

नाव घातलं, पण ते वाचायचं कसं? इथे कंपनं कामाला येतात.

रेणूतले अणू स्प्रिंगने जोडलेल्या गोळ्यांसारखे सतत कंप पावत असतात. प्रत्येक बंधाचा स्वतःचा एक सूर असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार जाड असते म्हणून तिचा सूर खाली असतो. रेणूचंही तसंच. स्प्रिंग तीच ठेवून गोळा जड केला तर सूर खाली उतरतो. हे सूर कानाला ऐकू येत नाहीत, पण अवरक्त प्रकाश टाकला की रेणू आपल्या सुराचा प्रकाश शोषून घेतो आणि वर्णपटात तिथे खळगा दिसतो.

हे सूर मोजायला शास्त्रज्ञ एका सेंटिमीटरमध्ये लाटा किती बसतात ती संख्या सांगतात. साध्या कार्बन मोनॉक्साइडचा सूर २१४३ आहे. त्यातला कार्बन बदलून कार्बन-१३ घातला की तो सुमारे २०९६ होतो. कार्बन तोच ठेवून ऑक्सिजन-१८ घातला की सुमारे २०९२. हे आकडे अकरावी-बारावीत शिकवल्या जाणाऱ्या स्प्रिंगच्या सूत्रानेही जवळजवळ बरोबर येतात; वहीत करून पाहा. पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचा सूर साधारण ३४०० च्या आसपास असतो. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आलं की तो थेट २५०० च्या जवळ उतरतो. एवढा मोठा फरक नवशिक्यालाही ओळखता येतो.

कंपनं वाचायची दुसरी रीत सी. व्ही. रामन यांनी दिली. पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला की विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग बदललेल्या रंगाचा असतो, आणि तो बदल म्हणजे रेणूच्या कंपनाचा ठसा. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात त्यांनी हा शोध लावला, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. हेच रामन १९१० च्या सुमारास वित्त खात्याच्या नोकरीत काही काळ नागपूरला होते. तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती आणि छिंदवाडा त्याच प्रांतात. आज नागपुरात त्यांच्या नावाचं विज्ञान केंद्र आहे.

आता उलटतपासणी

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. समजा, साध्या ऑक्सिजन-१६ चं मँगनीज ऑक्साइड घेतलं. त्यावरून साधा कार्बन मोनॉक्साइड सोडला, पण सोबत दिलेली हवा मात्र ऑक्सिजन-१८ ची. म्हणजे हवेतल्या प्रत्येक अणूवर नाव कोरलेलं. पुढून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सूर बघायचा.

दोन्ही ऑक्सिजन साधे असतील तर सूर २३४९ वर येतो. एक साधा आणि एक जड असेल तर सुमारे २३३२ वर. दोन्ही जड असतील तर सुमारे २३१४ वर. सुरुवातीला २३४९ चाच सूर मिळाला, तर ऑक्सिजन दाण्याच्या साठ्यातून आला. २३३२ मिळाला, तर हवेतून आला.

इतकं सोपं असतं तर मजा गेली असती. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडण्याआधी पृष्ठभागावर कार्बोनेट बनून थोडा वेळ बसू शकतो आणि उठताना आपला ऑक्सिजन दाण्याच्या ऑक्सिजनशी बदलून घेऊ शकतो. म्हणजे लग्नाच्या गर्दीत एकाचं झाकण दुसऱ्याच्या पातेल्यावर जातं, तसं. म्हणून हुशार प्रयोगकर्ता तीन गोष्टी करतो. पहिली, क्रियेच्या अगदी सुरुवातीच्या क्षणांकडे लक्ष देतो. दुसरी, कार्बन मोनॉक्साइड न घेता नुसता कार्बन डायऑक्साइड दाण्यांवरून नेऊन किती अदलाबदल होते ते मोजतो. तिसरी, डाव उलटा करतो: दाण्यातच आधी ऑक्सिजन-१८ भरतो आणि हवा साधी देतो. दोन्ही बाजूंची साक्ष जुळली तरच निकाल.

अशा तपासाचं गाजलेलं उदाहरण बिस्मथ मॉलिब्डेट या उत्प्रेरकाचं आहे. त्यावर प्रोपिलीन वायूपासून अ‍ॅक्रोलीन नावाचं उपयोगी रसायन बनतं. १९७० मध्ये जॉर्ज क्यूल्क्स यांनी ऑक्सिजन-१८ ची हवा दिली, तरी सुरुवातीला तयार झालेल्या रसायनात जवळजवळ सगळा ऑक्सिजन साधाच निघाला. म्हणजे तो उत्प्रेरकाच्या अंगातला होता. तिथे अणूंचं वजन थेट तोलणारं यंत्र वापरलं होतं. पुढे १९७९ मध्ये त्यांच्याच गटाने अवरक्त आणि रामन वर्णपट घेऊन उत्प्रेरकातले कोणते बंध ऑक्सिजन-१८ मुळे खाली सरकतात ते पाहिलं. वजनाच्या यंत्राने बाहेर काय पडलं ते कळतं. कंपनांमुळे आतला कोणता अणू हलला तेही कळतं. हा फरक फार मोठा आहे.

मँगनीज ऑक्साइडचं काम त्यापेक्षा चिवट आहे, कारण ते काळं आहे. काळी भुकटी प्रकाश गिळून टाकते. अवरक्त प्रकाश आरपार जाईना, तर ती दुसऱ्या पांढऱ्या भुकटीत मिसळावी लागते किंवा परावर्तित प्रकाश बघावा लागतो. रामनसाठी लेझर जोरात लावला तर तो दाणाच भाजून त्याचं दुसरं ऑक्साइड करतो, आणि आपण मोजतो ते आपणच बिघडवलेलं. म्हणून लेझर मंद ठेवून तासभर धीर धरावा लागतो.

ओलाव्याचा शत्रू

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न घरातल्या मोठ्यांना पडेल. उत्तर पुन्हा त्या डब्यातच आहे.

हॉपकलाइटचा मोठा शत्रू पाण्याची वाफ. दमट हवेत त्याचं काम मंदावतं आणि मग थांबतं. म्हणून डब्यात दाण्यांच्या आधी ओलावा शोषणाऱ्या पदार्थाचा थर ठेवतात, आणि डबा उघडेपर्यंत हवाबंद असतो. पण उत्प्रेरक का थकला, याची कारणं एकाहून जास्त असू शकतात. पाणी बसायच्या जागा अडवत असेल, किंवा दाण्याचा ऑक्सिजन संपत आला आणि हवेतून तो लवकर भरत नसेल. पहिलं कारण असेल तर हवा कोरडी करायला हवी. दुसरं असेल तर दाण्याचीच घडण बदलायला हवी. दुखणं कुठलं ते न कळता औषध दिलं, तर खाणीत त्याची किंमत कुणाच्या तरी जिवाने मोजावी लागते.

पाण्याचा तपास करायला जड पाणी उपयोगी पडतं. दाण्यावर जड पाण्याची वाफ सोडली की पृष्ठभागावरचे, पाण्याला पोहोचता येतील असे हायड्रोजन बदलून ड्युटेरियम होतात आणि त्यांचा सूर ३४०० कडून २५०० कडे उतरतो. जे आत खोल दडलेले असतात ते जागचे हलत नाहीत. अशा रीतीने, पाण्याशी खरोखर देवघेव करणारा भाग कोणता आणि नुसता दिसणारा कोणता, हे वेगळं करता येतं. ड्युटेरियम दुप्पट जड असल्यामुळे त्याचा बंध तुटायलाही सहसा जास्त वेळ लागतो. क्रिया मंदावली तर हायड्रोजनचा बंध तुटणं हीच त्यातली अवघड पायरी असावी, असा अंदाज करता येतो.

शेजाऱ्यामुळे चढलेला सूर

समस्थानिकांमुळे एक वेगळीच गफलतही उघड झाली. १९५४ साली अमेरिकेत टेक्साको कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट आयशेन्स आणि सहकाऱ्यांनी धातूंवर बसलेल्या कार्बन मोनॉक्साइडचे अवरक्त वर्णपट प्रसिद्ध केले. इथूनच पृष्ठभागावरच्या रेणूंची कंपनं वाचायचं शास्त्र जोमाने वाढलं. प्लॅटिनमवर एक विचित्र गोष्ट दिसत होती: रेणूंची गर्दी वाढली की त्यांचा सूर वर चढायचा. सरळ अर्थ असा वाटला असता की गर्दीत धातूशी असलेला बंध बदलतो.

१९६५ मध्ये आयशेन्स यांच्या गटाने साधा कार्बन आणि कार्बन-१३ यांचं मिश्रण वापरून तपास केला. दिंडीत सगळ्यांचे टाळ एका ठेक्यात आले की आवाज वेगळाच भरतो, पण एखादा वेगळ्या ठेक्यात वाजवू लागला तर तो त्या मेळात मिसळत नाही. जड शेजाऱ्यांच्या घोळक्यात बसलेला एखादा साधा रेणू असाच एकटा पडतो. मग त्याचा स्वतःचा सूर कळतो. १९७७ मध्ये अ‍ॅलन क्रॉसली आणि डेव्हिड किंग यांनी प्लॅटिनमच्या एका स्वच्छ स्फटिकावर असाच प्रयोग केला. सूर चढण्यामागे शेजाऱ्यांशी होणारी कंपनांची देवघेव हेच मुख्य कारण असल्याचं त्यातून दिसलं. बंध फारसा बदललाच नव्हता. नावं कोरलेली नसती तर चुकीचा निष्कर्ष पुस्तकात पक्का बसला असता.

आपल्या अंगणात

हे काम फक्त परदेशातलं नाही. १९९० च्या दशकात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एन. एम. गुप्ता, व्ही. एस. कांबळे आणि सहकाऱ्यांनी टायटेनियावरच्या रुथेनियमवर कार्बनचे वायू कसे बसतात आणि बदलतात, ते अवरक्त वर्णपटाने अभ्यासलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उत्प्रेरकांवर काम करण्याची जुनी परंपरा आहे. नागपूरच्या नीरी संस्थेत वाहनांच्या धुरातले विषारी वायू काढणाऱ्या उत्प्रेरकांवर संशोधन झालं आहे. आणि ड्युटेरियम हवं असेल तर रायगड जिल्ह्यातल्या थळला जड पाण्याचा कारखाना आहे. तिथे खत कारखान्याच्या अमोनियाशी सांगड घालून ते वेगळं केलं जातं.

म्हणजे धागे सगळे आपल्याच भागात आहेत: सौसरचं मँगनीज, परासियाचा कोळसा, नागपूरची प्रयोगशाळा, कोकणातलं जड पाणी. हे धागे एकत्र गुंफायला माणूस हवा. बारावीला रसायनशास्त्र म्हणजे पाठांतर, असा समज घेऊन पुष्कळ मुलं त्या विषयापासून लांब जातात. खरं तर या शास्त्राचा सगळा जोर एका साध्या प्रश्नावर आहे: हा अणू कुणाचा? तो प्रश्न नीट विचारायला यंत्राआधी कल्पकता लागते. कोणत्या अणूवर नाव कोरायचं, उलटा डाव कसा टाकायचा आणि आपल्याच लेझरने पुरावा बिघडवायचा नाही, हे ठरवणारा माणूसच असतो.

तोवर घरी एवढं मात्र पाळा. थंडीत शेगडी घेऊन बंद खोलीत झोपू नका आणि गीझर गॅसचा असेल तर न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवा. गाळणीचा तो डबा खाणकामगारासाठी आहे. तोही ऑक्सिजन पुरवत नाही, फक्त विष काढतो. हवेतच ऑक्सिजन कमी असेल तर त्याचा उपयोग नाही. घरात उघडी खिडकी धोका कमी करते, पण तेवढ्यावर विसंबून राहू नका.